उलटी बाराखडी

हुलिगेम्मा पुस्तक उलटं धरून वाचायची.
पहिल्या आठवड्यात मी तीनदा सरळ करून दिलं,
चौथ्यांदा टपली मारली.
तिनं पुन्हा फिरवलं, बोट ठेवलं,
न अडखळता वाचलं : शु भे च्छा.

आमच्या मराठी शाळेत चौदा मुलं.
गावातलं एक, तेही पुढल्या वर्षी इंग्रजीत जाणार.
बाकीची पर्वरीच्या सड्यावरून येतात,
कोप्पळची, गदगची, काही नुसतीच ‘तिकडची’.
बापाला विचारलं, पत्ता काय लिहू?
त्यानं हात केला चिरेखणीकडे
आणि लगेच खाली घेतला,
पत्ता चोरीचा असल्यासारखा.

कागद घेऊन गेलो एकदा.
खण बंद, तळाशी हिरवं पाणी,
काठावर सात-आठ खोपटी.
भाटकार दर खोपटामागं दीड हजार घेतो,
पावती देत नाही.
तिची आई यमनव्वा म्हणाली, बसा मास्तर.
बसायला चिरा दिला,
कोपरा उडालेला, म्हणून साइटवरून टाकलेला.
धड चिरे पलीकडं जातात.
तिथं तिचा नवरा भिंती रचतो
दिल्लीच्या कुणाच्या तरी घराला.
मालक येतात वर्षातून नऊ दिवस.
हे तिनं तक्रार म्हणून नाही सांगितलं,
दिवस मात्र मोजलेले होते.

मग मला भिंत दिसली.
पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, आठ बाय दहा,
डोकं जमिनीला, जोडलेले हात आभाळाकडं.
उलटा का?
वरची भोकं फाटली होती मास्तर,
दोरी धरत नव्हती.

पोर तिकडं तोंड करून निजायची.
शिरोरेघ खाली, उकार वर,
अशीच भेटली तिला पहिली अक्षरं,
तीही परक्या भाषेची.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यासमोर बसू लागलो,
पुस्तक मध्ये.
एकदा तिच्या बाजूनं सरळ, एकदा माझ्या.

चतुर्थीनंतर जागा विकली गेली.
जेसीबी आला त्याच्या आदल्या रात्रीच
त्यांनी भिंत सोडली, गुंडाळली,
टेम्पोत घातली.
कुठं, ते खणीवर कुणालाच ठाऊक नाही.
दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिलं :
शेणानं सारवलेला एक चौकोन,
चार खड्डे, एक चिरा.

हजेरीत नाव आहे अजून.
पत्त्याच्या रकान्यात पेन्सिलीनं ‘खण’.

हॉटेलात चहा घेताना
समोरच्याचा पेपर हल्ली मी उलटाच वाचतो.
जमतं थोडं थोडं.
जोडाक्षरांशी अडतो.