मध्यावर

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, सुकी मासळी संपते तिथे,
एका फाटक्या चादरीवर पडला होता तो
दोन दांड्यांचा अँटेना.
एक दांडी मोडकी.
आईने त्या मोडक्या दांडीवरच घासाघीस केली
आणि घरी येऊन तिथे छत्रीची काडी बसवली.

कौलांवर चढायचं नाही, भाटकाराने बजावलं होतं,
एक कौल फुटलं तर तुमच्या भाड्यात भागायचं नाही.
म्हणून आमचं आभाळ घरात,
नदीकडच्या खिडकीपाशी, तांदळाच्या डब्यावर.
"आणि बिल?" शेजारची सुकुरीन रोज नव्याने विचारायची.
"वाऱ्याला कसलं बिल," म्हणत आई
तिच्यासाठी पाट सरकवायची.

चोडणहून आल्तिनो दिसतो,
म्हणजे रात्री त्याच्यावरचा लाल दिवा दिसतो.
तिथून निघालेलं चित्र मांडवीवरून यायचं
आणि येताना नदीचे गुण घेऊन यायचं.
भरतीला बातम्या देणारी बाई न्हाऊन आल्यासारखी लख्ख.
ओहोटीला तिच्या तोंडावर रवा.
क्रिकेटचा सामना असला की दादा
आधी भरतीची वेळ बघायचा, मग संघ.

आणि फेरीबोट.
बाबा तिच्यावर खलाशी, संध्याकाळची पाळी.
रायबंदरहून सुटलेलं ते लोखंडाचं धूड
अर्ध्या नदीत आलं की पडद्यावर सगळं दुहेरी:
बाईला दोन नाकं,
मंत्र्याच्या मागे त्याचाच एक फिकट मंत्री.
सुकुरीन छातीवर खुरीस काढायची.
इतर फेऱ्यांना आई मानही वर करत नसे.
साडेनऊच्या, शेवटच्या फेरीला मात्र
उठून हुमण तापत ठेवायची.
"मध्यावर आले," एवढंच.
फिका मंत्री खऱ्यात विरघळेपर्यंत
ताटं मांडून झालेली असायची.

एकदा, नाताळच्या आठवड्यात
(सुकुरीन नेवऱ्या घेऊन आली होती)
शेवटच्या फेरीला चित्र दुहेरी झालं
आणि दुहेरीच राहिलं.
नाटक लागलं होतं. दोन नवरे दोन बायकांना
एकच खोटं सांगत होते.
हुमणाला कढ आला. आईने स्टोव्ह बंद केला.
दादा म्हणाला, जरा काडी फिरवून बघतो.
"हात लावायचा नाही."
असा आवाज तिने आम्हाला कधी लावला नव्हता.

मग ती फिकी माणसं
खऱ्या माणसांपासून लांब सरकायला लागली,
बोटभर,
दोन बोटं.
पडद्यावर रवा होता. रवा म्हणजे ओहोटी,
हे घरातल्या लहानातल्या लहानाला कळत होतं.
ओहोटी बोट घेऊन चालली होती समुद्राकडे
आणि आम्ही सगळे नाटक बघत होतो.
सुकुरीनची नेवरी हातातच.

नाटक संपलं. उद्याचे कार्यक्रम सांगून झाले.
प्रक्षेपण थांबलं, पडदाभर मुंग्या.
आई त्या मुंग्यांसमोरून उठली नाही.

बाबा बाराला आले, गुडघ्यापर्यंत चिखल.
"काही नाही गं, पंख्यात जाळं अडकलं,
इंजिन बंद पडलं, जरा वाहवत गेलो..."
"ठाऊक आहे," आई म्हणाली.
कसं, ते त्यांनी विचारलं नाही.
हुमण गारच वाढलं तिने, त्यांनी ते गारच खाल्लं.

आता डिश आहे. दादाने बसवली, कौलांवरच;
भाटकाराची मुलं लिस्बनला, ओरडायला कोण आहे.
बाबांना जाऊन चौथं वर्ष.
अँटेना अजून त्याच डब्यावर,
तांदूळ काढताना दरवेळी उचलून बाजूला ठेवावा लागतो.
गेल्या महिन्यात मी आईला विचारलं,
दिसतं ना नीट?

"फार स्वच्छ आहे," ती म्हणाली.
"मध्ये कुणी येतच नाही."
आणि रिमोट माझ्या हातात देऊन
तांदूळ निवडायला गेली.