शेवटलं वावर

सरकारी जीपनं तिला पांझरेच्या बंधाऱ्यावर उतरवलं
तेव्हा पौषातली सकाळ होती, आणि मी दुभाषा.
एरवी पाटबंधारे शाखेत कारकून; इंग्रजी बरं, म्हणून.

तियामिके, मलावीच्या जलखात्यातली.
काखेत पाण्याच्या नव्या नियमांचा मसुदा,
पिवळ्या चिठ्ठ्या, कॉफीचा एक डाग.
म्हणाली, आमचं सरोवर एवढं मोठं
की पलीकडचा काठ दिसत नाही,
आणि अलीकडच्या काठापासून कोसभरावर
बाया हापशाच्या रांगेत.
कायदा या दोन वाक्यांच्या मधे कुठंतरी बसवायचाय.

दगा हिलाल, नांदवणचा पाटकरी,
पायजमा गुडघ्यापर्यंत, खांद्यावर फावडं.
तिनं विचारलं, पाण्यावर हक्क कुणाचा? कुठं लिहिलाय?
मी मराठीत विचारलं. तो अहिराणीत म्हणाला,
'ज्यानं वावर शेवटलं, त्याले पानी पह्यलं.'
मी इंग्रजी केलं तर ते लांबतच गेलं,
टेल-एंड, प्रायॉरिटी, रोटेशन,
एवढे शब्द सोडले, भिजलं काहीच नाही.

रजिस्टर?
त्यानं पाटाच्या तोंडाशी एक काळा दगड दाखवला.
मधोमध खाच. पाणी खाचेखाली गेलं
की वरचे फड बंद, मग कुणाचे का असेनात.
सासऱ्याचाही केला होता.
सासऱ्यानं दोन वर्षं बोलणं टाकलं.
एवढं मी भाषांतरलं नाही. तरी ती हसली.

दुपारी कळण्याची भाकरी, ठेचा.
दगानं विचारलं, तुमच्याकडे पाण्याला काय म्हणतात?
मादझी.
त्यानं शब्द दोनदा घोळवला,
मग तंबाखूसारखा गालात ठेवून दिला.

ती चालत बंधाऱ्याच्या वर गेली,
जिथं काळे पाइप नदीत तोंड घालून
म्हशींसारखे ओळीनं पडलेत.
मोजले. अकरा.
यांना परवानगी कुणी दिली?
दगा माझ्या तोंडाकडे बघत राहिला;
भाषा न कळता प्रश्न कळला होता.
मी म्हणालो, ऑफिस.
हा एकच शब्द दोघांना सारखा समजला.

अकराही अर्जांवर माझाच गोल शिक्का आहे,
जावक क्रमांक माझ्या अक्षरात.
कलम बरोबर होतं, चलन भरलेलं होतं,
खालच्या फडांचा रकानाच नमुन्यात नव्हता.

रात्री तिचा मुक्काम धुळ्याला होता. गेली नाही.
शेवटलं वावर बेबीबाई अहिरेचं, दीड बिघे गहू.
बांधावर तुऱ्हाट्यांची शेकोटी,
सुपडू जागल्या बॅटरी मारत चारीच्या कडेनं फिरत होता.
बारा वाजले. वर मोटारी चालू होत्या,
थ्री-फेज येते ती रात्रीचीच.
बेबीबाई म्हणाली, मागल्या पाळीला
तीन रात्री बसले होते.
दगा उठला, काही न बोलता खाचेपर्यंत गेला, परत आला.
खाली कुणी नियम मोडला नव्हता.
नियमाच्या वरच कुणीतरी नळी टाकली होती.

चारच्या सुमाराला
सारंगमधलं सुकं निंबाचं पान हललं,
त्याच्या मागं करंगळीएवढी ओल.
'मादझी उनं!' दगा ओरडला.
तियामिके बूट हातात घेऊन चिखलात उतरली.
बेबीबाईनं वाफ्याचं तोंड फोडलं
आणि तिला म्हणाली, सरक, पाय काढ, पाणी अडतंय.
हे भाषांतरावं लागलं नाही.

सोमवारी टेबलावर बारावा अर्ज.
कागद सगळे पूर्ण.
रकाना नाही म्हणून समासात पेन्सिलीनं लिहिलं,
शेवटल्या वावरात पाणी किती वाजता पोचतं?
आणि फाइल साहेबांकडे सरकवली.
पेन्सिल खोडता येते,
मला माहीत आहे.