मठारकाम

शनिवारी साडेपाचला, शरणपूरच्या चर्चमागच्या हॉलात
आम्ही एकवीस जण खुर्च्या ओढतो.
त्या ओढण्याचा आवाजसुद्धा तिनं गेल्या वर्षी
दुसऱ्या भागाच्या तोंडाशी लिहून टाकला:
खुर्ची, फरशीवर, सावकाश, चार मात्रा.
आम्ही हसलो. ती हसली नाही.

वैजयंती वडके. वय सव्वीस.
हातात आईची विणकामाची सुई,
कारण मागवलेली काठी
पहिल्याच तालमीत स्टँडवर आपटून मोडली.
सुई बरी, म्हणते. टोक दिसतं सगळ्यांना.

मी व्हायोला वाजवतो. आठवडाभर नाशिकरोडला
प्रेसमध्ये ताव मोजतो,
म्हणून मोजण्यात आपण चुकत नाही असा माझा समज.
तिनं सात मात्रांपुढे साडेपाच लिहिल्या.
सात, साडेपाच. सात, साडेपाच.
दर वेळी मी त्या अर्ध्याशी अडखळायचो,
अंधारात नसलेली पायरी शोधावी तसा.
“काका, मोजू नका. वाट बघा.”
मी मान हलवली, आणि मोजत राहिलो.

पेपरवाला येऊन गेला. प्रेरणा काय, विचारलं.
ती म्हणाली, भांडी.
त्यानं छापलं, गोदामाई.

भांडी हेच खरं होतं.
तांबट आळीत तिच्या ओट्यासमोर
नऊ दुकानं, नऊ हातोड्या,
कुणी घागर बडवतोय, कुणी पराती,
कुणी कुणासाठी थांबत नसे.
फक्त दुपारी एकच्या सुमाराला, भुकेनं असेल,
सगळ्यांचा घाव एकदाच एकत्र पडायचा.
एकदाच. की पुन्हा पांगापांग.
“त्या एका घावासाठी,” ती म्हणते,
“मी वीस मिनिटं लिहिते. तरी पडेलच असं नाही.”

आता आळीत हातोड्या दोन.
बाकी स्टील, मोबाइलची कव्हरं, एक केक शॉप.
दोनातली एक दत्तोबांची, तिच्या वडिलांची.
त्यांना ऐकू येत नाही.
तांब्यानं कान खाल्ले, म्हणतात,
कार्ट्यानं डोकं खाल्लं म्हणावं, तशा लाडानं.

टिंपनी मुंबईहून भाड्यानं आणायची
तर वर्गणी संपून वर उधारी.
वैजूनं त्यांना फोटो दाखवला.
दत्तोबांनी चष्मा वर केला: हा तर बंब. अर्धा कापलेला.
दोन महिने लागले.
चामडं पंचवटीतल्या ढोलवाल्या किसन साळव्यांनी मढवलं,
पैसे नको म्हणाले, मग घेतले.

पहिल्या दिवशी सूरच लागेना.
एका अंगाला गुरगुर, पोटात दुखणाऱ्या माणसासारखी.
स्क्रू आवळले, सैल केले,
वैजू कान लावून लावून थकली.

मग दत्तोबा आले. चपला दाराशी.
चामडं उतरवायला लावलं, भांडं मांडीवर घेतलं,
डोळे मिटून आतून अंगठा फिरवू लागले.
हॉलात कुणी खोकलंही नाही.
एका जागी अंगठा थांबला.
“इथं मला शिंक आली होती.”

पिशवीतून हातोडी निघाली.
वैजूनं सुई खाली ठेवली.
मी सवयीनं मोजलं:
सात. जरा दम. मग पाच.
आणि मग एक नुसतीच टेकवलेली,
तांब्याला बरं का आता, असं विचारणारी.

तो अर्धा.

मी वैजूकडे पाहिलं. ती चामड्याचे स्क्रू
क्रमानं लावण्यात गुंतली होती,
किंवा तसं दाखवत होती.
दत्तोबा ओरडूनच बोलतात, म्हणाले,
वाजव आता, मला काय कळणार,
आणि दोन्ही तळवे भांड्याच्या बुडाला लावून बसले.

सोमवारी प्रेसमध्ये, तीनशेचाळीसच्या पुढे कुठेतरी
माझा अंगठा एका तावावर थांबला.
तावात काही दोष नव्हता.
गठ्ठा खाली ठेवून
मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.