रिव्हर्स

गेटवरची पाटी तीच आहे, अक्षरं बदललेली.
आधी ‘प्रवेश निषिद्ध’, मग ‘गुरे चारू नयेत’,
आता ‘चालक प्रशिक्षण केंद्र’.
उन्हानं रंगाचे पोपडे निघाले
की तिन्ही एकदम वाचता येतात.

मी इथं बस मागे घ्यायला शिकवतो.
पुढं काय, कुणीही जातं.

धावपट्टी सतराशे चाळीस पावलं. मोजली आहे,
पगार तीन महिने थकला होता त्या उन्हाळ्यात.

यल्लव्वा, माझ्या आईची मावशी, सांगायची :
लढाईचं साल होतं. साहेबानं माळावर दोऱ्या ताणल्या
आणि वडारवाडीची माणसं
हातोड्यासकट ट्रकात भरली.
ती तेव्हा अकराची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी,
पाटीत खडी, आणि खडीच्याही वर
ते आपलं सोलापुरी ऊन.
गड्याला सहा आणे, बाईला चार,
पोरीला मूठभर फुटाणे.
“इमान बघिटलीस का गं?”
“बघिटलं की. पोटाखालनं.
पाठ कोण दाखवतंय आपल्याला?”

लढाई संपली. विमानं गेली, पिंपं राहिली.
लोकांनी ती पाण्याला नेली,
आणि वर्षभर आमटीला पेट्रोलचा वास.
दिवे लावायचे खांब एकेक करून नाहीसे झाले;
गावात दोन-तीन गोठे अजून
फार सरळ उभे आहेत.

मग पट्टीवर मिरच्या वाळल्या.
ज्वारीची खळी झाली. चादरींचं रंगवलेलं सूत
कुणी सायकलवरून आणून पसरायचं,
लाल, हिरवं, लाल.
वरून दिसायला छान दिसत असणार.
वरून बघायला कुणी नव्हतं.

बहात्तरला हुकूम आला : कडा फोडा,
रस्त्याला खडी हवी.
यल्लव्वा पुन्हा तिथंच बसली, चाळिशीत,
पायात गोणपाट गुंडाळून.
आपणच घातलेलं फोडताना कसं वाटलं, असं
मी शहाण्यासारखं विचारलं एकदा.
म्हणाली, “लई घट्ट होतं बे.
हात सोलले.”

आता पिंपांतली सहा माझ्याकडे आहेत,
पांढरे पट्टे मारून उभी केलेली.
त्यांच्यामधून बस मागे न्यायची. आरशात बघून.
सत्तावीस जणांच्या तुकडीत एकच बाई, लता गाजूल,
बापाची गिरणी बंद पडली तेव्हा चौथीत होती.
पहिल्या आठवड्यात तिनं चार पिंपं पाडली.
प्रत्येक पडताना असा आवाज करतं
की टिटव्या उठून
अर्धी पट्टी धावतात आणि मगच उडतात.

शेवटच्या दिवशी नियम मोडला मी.
रिकाम्या बसमध्ये, ‘महिलांसाठी’ लिहिलेल्या सीटवर
यल्लव्वाला बसवलं.
लतानं गाडी सोडली. दुसरा, तिसरा, चौथा.
कडबा, बाभळी, मोडकं छप्पर मागे सरत गेलं.
सतराशे चाळीस पावलं संपायला किती वेळ लागतो!
टोकाला येऊन तिनं ब्रेक दाबला, वळली,
आणि न सांगता
आरशात बघत रिव्हर्स घेतला, सरळ, सहाही पिंपांमधून.
एकही हललं नाही.

मध्ये एका खड्ड्यात बस दणकली तेवढीच.
यल्लव्वानं खिडकीतून वाकून खाली बघितलं,
बराच वेळ.
मग पदर सारखा करत म्हणाली,
“ह्यो माझ्या हातचा न्हाई.”