घोडीची नोंद

मी दुभाषी. पगार एकाचा,
तोंड दोघांचं.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात ते आले
कझाकच्या गवताळ माळावर,
अकरा पेट्या, प्रत्येकीवर तीन मोहरा,
आणि वेंडेल प्रुइट नावाचा उंच माणूस,
ज्याला उन्हानं पहिल्याच दिवशी सोलून काढलं.
आमच्या बाजूनं गेन्नादी ल्वोविच:
खिशात सूर्यफुलाच्या बिया,
चष्म्याच्या काडीला तांब्याची तार.
दोघांनी मिळून खडकात खड्डा केला
आणि त्यात एक कान पुरला.

कान हा माझा शब्द. त्यांचा शब्द लांबलचक,
दोन्ही भाषांत जवळजवळ सारखाच.
त्या उन्हाळ्यात तेवढा एकच मला फुकट मिळाला.

काम एवढंच: ऐकायचं.
दोनशे किलोमीटरवर भुईखाली बॉम्ब उडाला तर सुई सांगेल.
नाही उडाला तर तेही सुईच सांगेल,
मग दोन राजधान्यांतली माणसं शपथा सोडून
कागदाच्या गुंडाळीवर विश्वास ठेवतील.
असं गेन्नादी ल्वोविच म्हणाला. मी तसंच सांगितलं.
प्रुइटनं मान हलवली. मानेला दुभाषी लागत नाही.

मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही:
आमच्या गावात, मी लहान असताना, मास्तरीणबाई
आम्हाला वर्गाबाहेर काढून पालथं निजवायच्या.
पोटाखालून काहीतरी सरकत जायचं,
मोठ्या जनावरानं कूस बदलावी तसं.
आई फडताळातल्या पेल्यांत लोकर कोंबायची.
सहा पेल्यांत. सातवा येरासिलचा.
तो गेल्यावर त्यात तिनं लोकर घातली नाही.
तो वाजायचा.

ऑगस्टात एका रात्री, दोन वाजून गेल्यावर
सुई उधळली.

प्रुइट म्हणाला, उडवलात ना शेवटी!
मी म्हणाले: ते विचारतायत, काय झालं असेल?
गेन्नादी ल्वोविच म्हणाला, यांनीच पेटीतून काहीतरी आणलंय, चोर लेकाचे.
मी म्हणाले: ते म्हणतात, जाऊन बघू या.

दुभाष्याला हे पाप आहे.
परीक्षेत नापास करतात याला.

कंदील घेऊन गेलो.
खड्ड्याच्या लोखंडी झाकणाशी
मेंढपाळ तोलेगेनची करडी घोडी आडवी,
कळ आली की मागचे खूर झाकणावर.
शिंगरू अडलेलं.
तोलेगेन कझाकमध्ये म्हणाला, मला, फक्त मला:
"या शहाण्यांना म्हणावं, हात लावा."

गेन्नादी ल्वोविचनं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं.
प्रुइट बाह्या सारत म्हणाला, आमच्याकडे गाई होत्या,
आणि मी ते सांगायच्या आत
दोघंही गुडघ्यांवर.
ओढ. थांब. आता.
कोण कुठल्या भाषेत म्हणत होतं,
खरंच आठवत नाही.

सकाळी वहीत लिहिलं: दोन चौदा ते तीन पाच, घोडी.
खाली दोघांच्या सह्या.
प्रुइटनं बाजूला शिंगराचं चित्र काढलं, कुत्र्यासारखं दिसणारं.
हे मॉस्कोत दाखवता यायचं नाही, गेन्नादी ल्वोविच म्हणाला
आणि पान फाडलं नाही.

एवढ्यानं काही थांबलं नाही.
हिवाळा सरताना हुकूम आला:
उद्या आपण उडवणार आहोत,
पाहुण्यांचा कान दिवसभर बंद.
गेन्नादी ल्वोविचनं स्वतः तार काढली,
प्रुइटकडे न बघता.

मग मी सांगितलं. पेले, लोकर, सातवा.
आधी एका भाषेत, मग दुसऱ्या,
आणि या वेळी एकही शब्द मऊ केला नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग प्रुइटनं आपला चहा टेबलाच्या मधोमध सरकवला,
काठोकाठ भरलेला,
आणि तिघं तोंड पुढे करून बसलो,
श्वास चहावर पडू नये अशा बेतानं.

पेला वाजला नाही, इतकं ते जवळ नव्हतं.
चहावर एक बारीक वर्तुळ उमटलं, विरलं.

प्रुइटनं घड्याळ बघितलं.
गेन्नादी ल्वोविचनं वेळ लिहिली.