खांदा

हायवेच्या कडेला इंग्रजीत खांदा म्हणतात.
दोन हातांची खडी, तळ्याकडे उतरलेली.
आमचं सगळं गाव या खांद्यावरून चालतं,
पंपावरच्या दुकानाला, दवाखान्याला,
आणि परत, हातात पिशव्या, अंधारात.
ओंडक्यांचा ट्रक गेला की आधी वारा मारतो,
मग खडे.

आठ वर्षांत चार जणांना आम्ही खांदा दिला.
त्यातला एक एमरी, माझ्या बहिणीचा, अकरा वर्षांचा.
सहा जण पुढे झाले होते.
दोघांनी भागलं असतं.

वाट हवी तर अर्ज करा, म्हणाले.
अर्जात रकाना होता:
एका आठवड्यात किती पायी, किती सायकलवर.
म्हणून ऑक्टोबरातले सात दिवस
कौन्सिलने मला पिकअपमध्ये बसवलं.
थर्मास, वही, आणि मुठीत मावेल असं एक यंत्र.
बटण दाबलं की आकडा पुढे सरकतो.

टॅमरॅकची झाडं पिवळी पडली होती.
सात वाजता थिओडोरा, डायलिसिसची गाडी गाठायला,
खडीत काठी रुतवत. टक्.
डेल्मर, पाठीवर बदकं, उलटी लटकलेली. टक्.
ढकलगाडीत एक, कडेवर एक, आणि त्यांची आई,
अजून शाळेत असायला हवी होती ती.
हे एक धरायचे की तीन?
अर्ज याबाबत गप्प.
टक् टक् टक्.
कुत्र्यांना रकाना नव्हता,
नाहीतर आमचा आकडा दुप्पट भरला असता.

चौथ्या दिवशी, तीन वाजून चाळीस मिनिटं.
शाळेची बस जाऊन धूळ बसली होती.
रस्त्यावर चिटपाखरू नाही.
टक्.

मी बोटाकडे बघितलं.

एमरी याच वेळी वळणावरून यायचा,
पॅडलवर उभा राहून.
चेन सैल होती. आधी तिचा आवाज यायचा, मग तो.
मी सांगत होते बहिणीला, चेन आवळून घे.

शनिवारी बेरीज केली. सहाशे तेरा.
खरे सहाशे बारा.
वहीच्या खिशात खोडरबर होतं.
होतं, एवढंच.

पुढचा हिवाळा गेला, त्याच्या पुढचा आला,
तेव्हा इंजिनिअर आला, पोरसवदा, बूट कोरे.
कागदावर त्याने सरळ रेघ आणली होती.
थिओडोराने त्याला बाहीला धरून
दवाखान्याच्या खिडकीशी नेलं.
रात्री पडलेल्या बर्फात
पोरांनी सकाळीच वाट पाडली होती,
मोठ्या खडकाला वळसा घालून,
वाऱ्याच्या आडोशाने, रस्त्यापासून चांगली लांब.
"मिकना," ती म्हणाली. "आखलेली आहे. तू फक्त डांबर आण."
त्याने शब्द लिहून घेतला.
सायकलच्या वाटेला वेगळा शब्द आहे का, विचारलं.
नाही. तीच मिकना.

आता ती आहे. तीन मीटर रुंद,
सहाशे तेरा माणसांच्या हिशेबाने.
थिओडोराची तक्रार आहे की फार गुळगुळीत केली,
काठी घसरते.
उद्घाटनाला रिबीन होती, मंत्र्याचा माणूस होता, कात्री होती.
पोरं रिबिनीखालून निघून गेली,
डोकी वाकवून, चौदा सायकली,
आणि मध्येच कुठेतरी
एक सैल चेन वाजली.
बहीण माझ्याकडे वळली नाही.
मीही तिच्याकडे नाही.

वाट अडीच किलोमीटर जाते
आणि शेवटच्या खांबाशी थांबते.
तिथे आमची हद्द सरते.
पुढची जमीन प्रांताची,
पुढचं दुकानही प्रांताच्या बाजूला.
डांबर संपतं तिथून पावलं तशीच खडीवर उतरतात,
खांद्यावर.

प्रांताचा अर्ज वेगळा, रकाना तोच.
यंत्र मी परत केलेलं नाही.
सोमवारपासून बसेन.