बटणांचा डबा

शनिवारी लोरेंसु येणार, अकरा महिन्यांचा,
सध्या सगळ्या जगाची ओळख तोंडानं करून घेणारा.
आणि शुक्रवारी सकाळी माझा तराजू मेला.
केकचं पीठ परातीत तसंच.

सेतूबालच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत
अबिलियुचं दुकान: झाडू, दोऱ्या, उंदरांचे सापळे,
आणि पार वरच्या फळीवर, स्टुलाशिवाय हात न पोचेल तिथे, सेल.
"जुना आणलायस, इदालिना?"
मी रुमालाची गाठ सोडली.
त्यानं कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला,
सेलची पाठ उजेडाकडे धरून वाचली:
"दोन शून्य तीन दोन.
वीस मिलिमीटर रुंद, तीन पूर्णांक दोन जाड.
गूढ काही नाही, मापच लिहिलंय.
पातळ घेतलास तर बसेल, पण खुळखुळेल,
आणि खुळखुळणारी वस्तू एक दिवस बाहेर येते."

रविवारच्या बाजारात वीस सेलचं पान मिळतं,
दोन युरोला, मी म्हटलं, वर्षाची बेगमी.
"मिळतं. नखानं फाटतं.
तुझं नख सत्तर वर्षांचं.
त्याचे दात कोरे करकरीत."

मग त्यानं एक पाकीट पुढे सरकवलं,
जाड, हट्टी, कात्रीलाच दाद देणारं.
"याला कडू लेप आहे. मी चाटून पाहिलाय,
संध्याकाळपर्यंत कॉफी गोड लागत होती.
तरी लेपावर विसंबू नकोस.
जीभ थुंकायचं ठरवते, तोवर घसा गिळून मोकळा."

झाकणांना स्क्रू आहेत का?
तराजूला आहे. थर्मामीटरला आहे.
नाताळच्या गाणाऱ्या ताऱ्याला नाही,
नुसतं सरकतं झाकण.
"मग तारा मुका राहू दे."

सुटे मोजताना, मान वर न करता, तो म्हणाला,
"घशात अडकला तर दोन तासांत."
दोन तासांत काय, मी विचारलं.
"भाजतं. आतून.
गिळला अशी नुसती शंका आली तरी वाट बघायची नाही,
थेट इस्पितळ."
माझ्या तळहातावर दहा सेंटचं नाणं.
तेवढंच. अगदी तेवढंच.

घरी आले आणि हिशेब मांडला.
गेल्या हिवाळ्यात बदलले चार:
तराजू, थर्मामीटर, तारा, गाडीची किल्ली.
काचेच्या बरणीत, चिकटपट्टी गुंडाळलेले मेलेले सेल
तीन.

फ्रिजखाली एक बूच आणि एक हरभरा.
सोफ्याच्या फटीत झेफरिनुची पेन्सिल, त्याच्या दातांच्या खुणांसकट.
(सहा वर्षं झाली. ठेवून दिली परत.)
गालिचा झटकला. गुडघे बोलायला लागले.

मग बिस्किटांचा तो जुना पत्र्याचा डबा दिसला
आणि पोटात गोळा आला.
मुलाला रमवायला मी उद्या तोच काढणार होते.
त्याचा बापही त्यातच हात घालून मोठा झाला,
कसा झाला, देव जाणे.
शिंपल्याची बटणं, हाडाची, कोटाची, उशांच्या खोळींची,
सगळं गोल, सगळं साळसूद.
बोटं फिरवली. डोळे फिरवले. काही नाही.

शेवटी फ्रिजवरची सार्डिन काढली,
पोटात चुंबक असलेली, जत्रेतली,
आणि तिला बटणांत पोहायला सोडलं.
टक्.
दोन हूक, एक गंजकी टाचणी,
आणि तो.
बटण सेल म्हणतात ना,
मी मुकाट्यानं बटणांत टाकला असणार.

नवा घातला, स्क्रू पिळला, आणखी एकदा पिळला.
डबा माळ्यावर. बटणंसुद्धा घशातच जातात.
लोरेंसुला लाकडी डाव देईन, बडवू दे परात.

पीठ घेण्याआधी जुना तराजूवर ठेवला.
काटा नसतो हल्ली, आकडा लुकलुकतो.
तीन ग्रॅम.
मी बराच वेळ बघत उभी होते.
मग त्याला दोन्ही बाजूंनी पट्टी लावली.